कथील, अकीक आणि गाढवं : दूरदेशीचा व्यापार सुरू तरी कसा झाला?

ताणाबाणा (धागाकर्ता)

साधारण ३९०० वर्षांपूर्वी पुझुर-अश्शुर नावाच्या व्यापाऱ्याने वक्कुर्तुम नावाच्या बाईंना मातीच्या पाटीवर पत्र लिहिलं. विषय कापडाचा. मागे पाठवलंत तसंच तलम कापड आणखी विणा. दर नगाला एक मिना, म्हणजे अर्धा किलो, लोकर जास्त घाला, पण कापड जाड होऊ देऊ नका. ताणा घट्ट ठेवा. एका बाजूने विंचरा, कातरू मात्र नका. तयार नग नऊ हात लांब आणि आठ हात रुंद भरला पाहिजे.

मी इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात हिशेब सांभाळतो. पन्हा कमी भरला, वीण सैल आली, पुढच्या लॉटला सूत बदला, असे निरोप माझ्या हातून रोज जातात. हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

ही पत्रं ज्या संग्रहातली आहेत तो सापडला तुर्कस्तानात, कायसेरीजवळच्या क्युलतेपे या टेकाडात. तिथलं जुनं गाव कानेश. व्यापाऱ्यांचं मूळ गाव अश्शुर मात्र तिथून हजार किलोमीटरहून दूर, आजच्या इराकमध्ये, तैग्रिसच्या काठी. १९२५ साली चेक अभ्यासक बेद्रिख ह्रोझनी यांना कानेशची व्यापारी वस्ती सापडली. १९४८ पासून तहसीन ओझग्युच यांनी तिथे अनेक दशकं खोदकाम केलं. एकूण सुमारे २३,००० पाट्या मिळाल्या, बहुतेक इ.स.पू. १९व्या शतकातल्या. राजांच्या विजयगाथा त्यात जवळपास नाहीतच. आहेत ती येणी, देणी, पावत्या, भागीदारीचे करार, भावाभावांची भांडणं आणि बायकांची पत्रं. वस्तीला ते ‘कारुम’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ नदीवरचा धक्का. कानेशात नदीबंदर नव्हतं, तरी जिथे माल उतरतो आणि हिशेब होतो ती जागा म्हणून नाव तेच राहिलं.

हा धागा काढायचं कारण माझी मुलगी. नाणी नव्हती तर एवढ्या लांबचा व्यापार चालायचा कसा, असं तिने विचारलं. वस्तूच्या बदल्यात वस्तू, हे पुस्तकी उत्तर मी दिलं आणि माझं मलाच ते पटलं नाही. कानेशात नाणं नव्हतं, पण भाव होता. सगळ्याचं मोल चांदीच्या वजनात लावायचे. एक शेकेल म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम, आपल्या पाऊण तोळ्याच्या आतबाहेर. ६० शेकेलांचा एक मिना. चांदीचे तुकडे तोलून द्यायचे आणि तोलून घ्यायचे. पहिली नाणी लिडियात, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, निघाली ती यानंतर हजारेक वर्षांहूनही जास्त काळाने.

माझं मत आधीच सांगतो. जनावरावर ओझं लादणं माणसाला बरंच आधी जमलं असेल. सहा आठवड्यांच्या वाटेवर निघालेल्या माणसाच्या हाती आपला माल सोपवून घरी शांत झोपता येणं, हे जमायला फार वेळ लागला. ते कसं जमलं आणि कानेशच्या आधी काय काय होतं, हे जाणकारांकडून ऐकायचं आहे.

केळफूल

सुंदर विषय! कापडाचं समजलं, पण शीर्षकातल्या कथिलाचं काय? भांड्यांना कल्हई करायचं ते कथील गाढवावर लादून हजार किलोमीटर न्यायचं, त्यात काय मिळत असेल?

ताणाबाणा

केळफूल, बरं विचारलंत, कारण हिशेबाची गंमत इथेच आहे.

तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील मिसळलं की कांसं होतं. धार टिकते, ओतीव काम नीट होतं. तेव्हाची हत्यारं-अवजारं याचीच. कानेशच्या मुलखात तांबं भरपूर, कथील कमी. कथील पूर्वेकडून, इराणच्या वाटेने अश्शुरला यायचं. अश्शुरकर स्वतः खाणवाले नव्हते. ते मधले.

एका गाढवाच्या दोन बाजूंना ६५-६५ मिना कथील बांधायचे, म्हणजे एकूण ६५ किलोंच्या आसपास. अश्शुरात एका शेकेल चांदीला साधारण १५ शेकेल कथील मिळे, कानेशात तेवढ्याच चांदीला साधारण ७. आता बघा : १३० मिना म्हणजे ७८०० शेकेल कथील. खरेदी ५२० शेकेल चांदी. विक्री १११४ च्या आसपास. त्यातून स्थानिक राजवाड्याची जकात जायची. कथिलावर दर ६५ मिनांमागे २ मिना आणि कापडावर दर शेकडा ५ नग. शिवाय गाढवाची किंमत २० शेकेलच्या आगेमागे, चारा, माणसांची मजुरी. एवढं सगळं वजा करूनही पैसा जवळजवळ दुप्पट. कापडावर त्याहून जास्त सुटायचं.

दोन बारकावे मला फार आवडले. बाजूच्या गोण्यांमधल्या कथिलावर मालकाची मोहोर असे, तिला हात लावायचा नाही. वाटखर्चासाठी वेगळं सुटं कथील देत, त्याला ‘हातातलं कथील’ असंच नाव होतं. आमच्याकडे ड्रायव्हरला देतात त्या खर्चीसारखं. दुसरं म्हणजे गाढवं बहुतेक कानेशातच विकून टाकत. जाताना ओझं कथील-कापडाचं, परतताना चांदी-सोन्याचं. तेवढ्याला सगळा तांडा कशाला परत हाकायचा?

मांडवीकर

मी बडोद्याचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. तुम्ही कानेशपर्यंत आलात, मी आणखी सहाशे-सातशे वर्षं मागे नेतो. आणि तेसुद्धा आमच्या शेजारच्या खंभातला.

लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात इराकमधलं उर खोदलं. तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, इ.स.पू. २५०० च्या मागच्यापुढच्या काळातल्या, लाल कार्नेलियनचे, म्हणजे लाल अकिकाचे, मणी निघाले. पुआबी राणीच्या अंगावर तर सोनं, लाजवर्द (निळा मौल्यवान दगड) आणि कार्नेलियनच्या माळाच माळा होत्या. उरमधल्या कार्नेलियनमध्ये दोन प्रकार असे आहेत की जाणकार ते पाहताच सिंधू संस्कृतीचं नाव घेतात : दोन्हीकडे निमुळते होत गेलेले लांबट मणी, आणि पांढरी नक्षी काढलेले मणी.

नक्षी रंगवलेली नसते, दगडात मुरलेली असते. अर्नेस्ट मॅके यांनी १९३०च्या सुमारास सिंधमधल्या सेहवानला एका म्हाताऱ्या कारागिराकडून ती रीत पाहून लिहून ठेवली. धुण्याच्या सोड्यात करीर या झुडपाच्या कोवळ्या कोंबांचा रस मिसळायचा, त्या लेपाने मण्यावर रेघा ओढायच्या आणि मणी भाजायचा. रेघ कायमची पांढरी होते.

अकीक मुळात लाल नसतोच. गुजरातेतल्या रतनपूरच्या खाणीतून निघतो तेव्हा पिवळट, मातकट असतो. उन्हात वाळवायचा, मडक्यात घालून राखेत-शेणकुटात मंद भाजायचा. आतल्या लोहाचा रंग पालटतो आणि दगड लाल होतो. खंभातला कारागीर जमिनीत तिरपी पहार रोवतो, तिच्या टोकावर दगड टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारतो. टवका आतल्या बाजूने, पहारीकडून उडतो. मी तासभर बघत बसलो होतो. एक टिचकी चुकली की आठवड्याची भाजणी वाया.

त्यानंतर भोक पाडायचं. सिंधूकाळी धातूचं गिरमिट यासाठी वापरत नव्हते, एका फार कठीण दगडाचं गिरमिट होतं. जोनाथन केनॉयर यांनी प्रयोग करून काढलेला वेग तासाला अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे. सहा ते तेरा सेंटिमीटरच्या एका मण्याला कित्येक दिवस. असे मणी समुद्रापार जात होते. ताणाबाणा, तुमच्या कथिलात वजन होतं, यात माणसाचे दिवस भरलेले होते.

शंकासुर

माहिती उत्तम, पण एक हरकत नोंदवतो. वस्तू लांब सापडली म्हणजे व्यापार झाला, असं लगेच म्हणू नये. लूट असते, खंडणी असते, नजराणा असतो, हुंड्यात गेलेला दागिना असतो. प्राचीन इराकमधल्या अक्कडचा राजा नराम-सिन याने मगनवर, म्हणजे ओमानच्या बाजूला, स्वारी केली. तिथून आणलेल्या दगडी भांड्यांवर त्याने ‘मगनची लूट’ असं कोरून ठेवलं आहे. ते कोरलेलं नसतं तर आपण त्या भांड्यांनाही व्यापारी माल म्हटलं असतं.

आणि विश्वासाचं म्हणाल तर उरच्या मण्यांमागे मला आधी राजवाड्यांची हौस दिसते. थडग्यात पुरायला लाजवर्द हवा, म्हणून कुणीतरी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरात दगड फोडतो. मागणी वरून आली, विश्वास नंतर.

मांडवीकर

शंकासुर, हरकत रास्त आहे. पण ज्या मुलखातून हे मणी आले त्या मेलुह्हाच्या बाबतीत लुटीने भागत नाही.

सारगॉन हा नराम-सिनचा आजा. त्याने अभिमानाने नोंदवलं आहे की मेलुह्हा, मगन आणि दिलमुनची जहाजं आपण अक्कडच्या धक्क्याला लावली. दिलमुन म्हणजे बहारीन, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा मुलूख असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. जहाजं त्या देशांची आहेत, ती येत आहेत, आणि राजाला त्याची फुशारकी वाटते. लुटायला गेलेला राजा असं लिहीत नाही.

त्याच अक्कडी काळातला एक शिक्का लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरचा मालक शू-इलिशू, आणि त्याचा हुद्दा ‘मेलुह्हाच्या भाषेचा दुभाष्या’. दुभाष्या हे पद केव्हा निर्माण होतं? माणसं पुन्हापुन्हा येतात, बसतात, बोलतात, घासाघीस करतात तेव्हा. उरमध्ये सिंधू धाटणीच्या मुद्रा निघाल्या, त्यांवर सी. जे. गॅड यांनी १९३२ साली लिहिलं. पुढच्या काळात दक्षिण इराकमधल्या लगाशच्या मुलखात ‘मेलुह्हाचं गाव’ म्हणून एका वस्तीची नोंद येते. म्हणजे काहीजण तिथेच राहिले, नांदले.

लाजवर्दाचंही तसंच. बदख्शानच्या खाणींच्या अंगाला, आमू दर्याच्या काठी शोर्तुघाय नावाची सिंधू लोकांची वस्ती सापडली आहे. घरापासून इतक्या दूर, डोंगरांपलीकडे, आपल्याच पद्धतीच्या विटा पाडून राहायचं ते दगडासाठी. ही हौस राजाची असेलही, पण तिथे जाऊन राहणारा माणूस कुणाच्या तरी भरवशावर राहिला होता.

मस्कतवासी

नोकरीनिमित्त एकवीस वर्षं ओमानमध्ये आहे, म्हणून लिहायचं धाडस करतो.

रास अल-जिन्झ हे आमच्याकडचं कासवांचं प्रसिद्ध किनारपट्टीचं गाव. पर्यटक रात्री अंडी घालणारी कासवं बघायला जातात. तिथेच, अरबस्तानच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, जुन्या वस्तीत डांबराचे तुकडे सापडले. एका बाजूला बोरूच्या जुड्या आणि दोऱ्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रात होडीच्या तळाला चिकटतात तसे शंखकीटक. म्हणजे हे होड्यांचं बाहेरून फासलेलं डांबर. बोरूची होडी, वर डांबर, आणि तीवर समुद्र ओलांडायचा. त्याच वस्तीत सिंधू पद्धतीची खापरंही आहेत. त्या पुळणीवर उभं राहिलं की समोर काहीच दिसत नाही, नुसतं पाणी. पलीकडे मकरान, सिंध, गुजरात.

इथून जायचं ते तांबं. आतल्या डोंगरांत आजही जुन्या भट्ट्यांच्या काळ्या मळीचे ढीग दिसतात. इंटरनेटवर गाजलेली ती तक्रारीची पाटी याच तांब्याची. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने उरच्या एआ-नासिरला लिहिलं की ठरलं होतं चांगलं तांबं, दिलंस वाईट, वर माझ्या माणसाचा अपमान केलास. काळ इ.स.पू. १७५० च्या आसपास. लोक ती गमतीने वाचतात. मला त्यात नान्नीचा संताप खरा वाटतो. पुढच्या वेळी माझ्या अंगणात पारखल्याशिवाय तांबं घेणार नाही, असं तो बजावतो.

आणि वजनं! बहारीनच्या जुन्या वस्तीत सिंधू पद्धतीची चौकोनी दगडी वजनं मिळाली. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी चढती मांडणी, आणि १६ च्या जागी येणारं वजन सुमारे १३.७ ग्रॅम. दिलमुनने हेच माप आपलंसं केलं, आणि मेसोपोटेमियाचे लोक त्याला ‘दिलमुनचं माप’ म्हणू लागले. ताणाबाणांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. भाषा कळत नसली तरी तागडीत काय पडलं हे दोघांनाही दिसतं.

ताणाबाणा

मस्कतवासी, तागडीचं हे उत्तर आजच मुलीला सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न : वजनं खोटी असली तर? म्हणून विक्रेता आपली वजनं वापरतो आणि घेणारा घरी नेऊन आपल्या वजनांनी पुन्हा तोलतो, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

काळापाषाण

भूशास्त्राचा माणूस आहे, दगडांचा विषय निघाला म्हणून आलो.

आधी मांडवीकरांच्या अकिकाला पुरवणी. रतनपूरचा अकीक मुळात दख्खनच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत सिलिका साचत गेली, पुढे खडक झिजला आणि गोटे नदीच्या गाळात उतरले. आपल्या गोदावरी-प्रवरेच्या पात्रात पोरं गोळा करतात त्या गारगोट्या याच कुळातल्या. उरच्या राणीच्या गळ्यातला दगड आणि नेवाशाच्या वाळवंटातला गोटा, दोघांची आई एक.

आता सुरुवातीकडे. माझ्या मते सुरुवात ऑब्सिडियनपासून पाहावी. ही ज्वालामुखीची काच, काळी, वस्तऱ्यासारखी धारदार. तिचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, बोटाच्या ठशासारखं. १९६०च्या दशकात कॉलिन रेन्फ्रू, डिक्सन आणि कॅन यांनी हे ठसे जुळवले, आणि कुठल्या गावातली पाती कुठल्या डोंगरातली ते सांगता येऊ लागलं. जेरिकोत, मृत समुद्राच्या अंगाला, मध्य तुर्कस्तानातल्या ग्योल्ल्यु दाग डोंगराची काच निघाली. काळ दहा हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा. चाक नाही, लेखन नाही, मडकीसुद्धा नाहीत.

रेन्फ्रूंनी एक आकृतिबंध दाखवला. डोंगरापासून ३०० किलोमीटरच्या आत दगडी हत्यारांत ८० टक्के किंवा जास्त ऑब्सिडियन. त्यापलीकडे प्रमाण भराभर घसरतं, आणि शेवटी एखाददुसरी पाती. याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की एकच माणूस जेरिकोपर्यंत चालत गेला नाही. या गावाने त्या गावाला दिलं, त्याने थोडं ठेवलं आणि पुढच्याला दिलं. सोयरिकीत, जत्रेत, आजारपणातल्या मदतीच्या बदल्यात. काच शेकडो किलोमीटर गेली, माणूस मात्र दोन दिवसांच्या वाटेपलीकडे गेला नाही.

समुद्रातही तेच. ग्रीसमधल्या फ्रांख्थी गुहेत मेलोस बेटाची काच मिळते, आणि तीही शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या थरांत. बेटावर जायला होडी लागतेच.

शंकासुर, तुमच्या राजवाड्यांच्या कित्येक हजार वर्षं आधीचं हे आहे. कुठलाही राजा नव्हता, तरी वस्तू चालत होती. आणखी एक : ग्योल्ल्यु दाग आणि कानेश एकाच कप्पाडोकियाच्या मुलखात आहेत.

शंकासुर

काळापाषाण, हे मान्य. राजवाड्याचा आग्रह मागे घेतो. पण मग ते व्यापार म्हणावं की देवाणघेवाण? जेरिकोच्या माणसाला ग्योल्ल्यु दागचं नावही ठाऊक नव्हतं. माल कुठून येतो, तिकडे भाव काय, हे ज्याला ठाऊक आहे आणि जो मुद्दाम त्यासाठी निघतो, त्याला मी व्यापारी म्हणेन. त्या अर्थी शोर्तुघायचा माणूस व्यापारी, कानेशचा तर आहेच.

प्रवराकाठ

मी श्रीरामपूर तालुक्यातला. दायमाबाद आमच्यापासून जवळ. १९७४ साली तिथे शेतात झाडाची मुळं खणताना कांस्याच्या चार वस्तू निघाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं मिळून ६० किलोंहून जास्त वजन. त्यांच्या काळावरून वाद आहे हे ठाऊक आहे, पण एक गोष्ट लहानपणापासून डोक्यात आहे. आमच्याकडे तांब्याची खाण नाही. काळापाषाण, बरोबर ना? मग एवढा धातू प्रवरेच्या काठी आला कुठून तरी, कुणाच्या तरी हातून. आणि हिशेब लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

काळापाषाण

अगदी बरोबर. आपल्या काळ्या बसाल्टच्या प्रदेशात तांब्याचं धातुक सापडत नाही. दायमाबादच काय, इनामगाव-नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन गावांतलं तांबंही बाहेरूनच आलेलं. तुमच्या शेजारच्या मातीत हा पुरावा आहे, पुन्हा गेलात की नदीतल्या गारगोट्यांचे फोटो टाका.

केळफूल

मला एक सांगा, कानेशच्या व्यापाऱ्यांनी फसवलंच नाही का कधी? विश्वास विश्वास म्हणताय म्हणून विचारते.

ताणाबाणा

फसवलं, बुडवलं, चोरून आणलं, सगळं केलं. जकात चुकवायला एक आडवाट होती, ‘अरुंद वाट’ म्हणून पत्रांत तिचा उल्लेख येतो. पुशू-केन नावाच्या बड्या व्यापाऱ्याकडे कुणीतरी चोरटा माल धाडला, तो पकडला गेला आणि राजवाड्याने पुशू-केनला कोठडीत टाकलं.

म्हणूनच विश्वासाला त्यांनी कागदाचं, खरं तर मातीचं, कुंपण घातलं. पत्र मातीच्या पाकिटात, त्यावर मोहोर, साक्षीदार. कारुमची पंचायत, आणि वर अश्शुर शहराची सभा. शहराचे नियम दगडी स्तंभावर कोरलेले होते. अश्शुरकराने अक्कडी, अमोरी किंवा सुबारी अशा परक्या माणसाला सोनं विकायचं नाही, असा एक नियम पत्रांतून कळतो. भांडवल उभं करायला ‘नारुक्कुम’ होतं, शब्दाचा अर्थ थैली. अमुर-इश्तार नावाच्या व्यापाऱ्याच्या थैलीत अनेकांनी मिळून ३० मिना सोनं घातलं. मुदत १२ वर्षांची. नफ्यातला तिसरा हिस्सा त्याचा. मुदतीआधी जो कुणी पैसा काढेल, त्याला एका मिना सोन्यामागे फक्त चार मिना चांदी, नफा नाही. आमच्याकडची ठेवीची पावती काढून बघा, मुदतपूर्व मोडण्याची अट तिथेही असते.

पण केळफूल, हे सगळं ज्यांच्या जिवावर चालायचं त्या अश्शुरमध्ये मागे राहिलेल्या बायका. कापड त्या विणायच्या किंवा विणून घ्यायच्या, गडी सांभाळायच्या, घरचं देणं भागवायच्या. तराम-कुबीने नवऱ्याला, इन्नायाला, लिहिलं आहे की जाताना तू चांदीचा एक शेकेलसुद्धा ठेवला नाहीस, घर झाडून नेलंस, आणि मागून दुष्काळ आला. पुशू-केनची बायको लमस्सी. तिच्याकडे कापडाची मागणी सारखी यायची. एकदा ठरलेले नग गेले नाहीत तर तिने लिहिलं, रागावू नका, मुलगी मोठी झाली आहे, तिच्यासाठी जाड कापड करावं लागलं, घरच्या माणसांना आणि पोरांना घालायला केलं, म्हणून तुमचं राहिलं.

तिच्याच एका पत्रात शालिम-अहुम नावाचा दुसरा व्यापारी येतो. तुम्ही गेल्यापासून त्याने दुप्पट घर बांधलं, आपण कधी बांधणार, असं ती विचारते. काल रात्री हे घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, तिला उत्तर काय आलं ते आधी शोधा.